फादर मिंज यांचा उजवा पाय

धुवायचे कपडे वेगळे करता करता शेवंताबाईने मोजा उलटा करून पाहिला आणि तिचा हात तिथेच थांबला. मोजा ओला होता. करंगळीच्या जागी पिवळट डाग पडला होता. आदल्या दिवशी तिने स्वतः त्या पायाला कोरडी पट्टी बांधली होती, आणि बांधताना बजावून बजावून तिचा घसा सुकला होता की याला पाण्याचा थेंब लागता कामा नये.

मोजा चिमटीत धरून ती बाहेरच्या खोलीत आली.

“फादर, हे का आहे?”

फादर मिंज खुर्चीत बसून चष्म्याची मोडकी दांडी दोऱ्याने बांधत होते. त्यांनी मान वर केली. “मोजा आहे, दीदी.”

“मोजा आहे ते मले दिसते. ओला काहून आहे?”

फादरनी दोऱ्याला आणखी एक गाठ मारली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून अडचणीत सापडले की ते आधी गप्प बसत आणि मग हळूहळू सगळं सांगून टाकत. “काल सरईपाऱ्यात गेलो होतो,” ते म्हणाले. “लकडाच्या घरी. त्याच्या सुनेनं लोटा आणला. घरी आलेल्या माणसाचे पाय धुतात ते लोक, तुमाले तर मालूम आहे.”

“मग नाही म्हणाचं.”

“कसं म्हणू?”

“तोंडानं! नाही. बस. झालं.”

फादर हसले. त्यांचं ते हसू तिला सहन होत नसे. भिंतीशी भांडावं आणि भिंतीने वर सावली द्यावी, तसं होऊन जाई. ती मोजा घेऊन मोरीत गेली आणि साबण घासघासून सगळा राग त्या मोज्यावर काढला.

त्या हसण्यापुढे बिशपसाहेबांचंही काही चाललं नव्हतं. सिल्वानुस मिंज हे जशपूरच्या डोंगरातले उरांव आदिवासी. बाप मोहाची फुलं वेचणारा, आई भात लावणारी. मुलाला फादर व्हायचं होतं म्हणून त्याला नागपूरच्या सेमिनरीत धाडलं. मराठी ते तिथेच शिकले, पुस्तकातून नव्हे तर तिथल्या आचाऱ्याकडून. म्हणून त्यांच्या मराठीत ‘घ्या, अजून घ्या, पोट भरलं का’ हे सगळ्यात सफाईदार होतं आणि बाकीचं डगमगत चाले. पुढे वर्षानुवर्षं ते जंगलातल्या गावांतून सायकलवर फिरले. साखरेचं दुखणं लागलं तेव्हा बिशपसाहेबांनी त्यांना रायपूरला बोलावून घेतलं. शहरात दवाखाने आहेत, आता थोडा आराम करा, असं सांगून सिलतऱ्याच्या रस्त्यावरचं पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च त्यांच्या हाती दिलं.

त्या रस्त्यावर आराम कुठून येणार! सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांची काळी धूळ तिथे दिवसभर उतरत असते. दोरीवरच्या कपड्यांवर उतरते, पिठाच्या डब्यावर उतरते, वेदीवर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर उतरते. सकाळी धुतलेलं कापड संध्याकाळी राखेच्या रंगाचं. आणि त्या भट्ट्यांत राबायला जशपूर, सरगुजा, झारखंडकडून आलेले लोक रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेला येत, तेव्हा न्हाऊन आले तरी त्यांच्या भुवयांत ती धूळ असेच. फादरना त्यातल्या प्रत्येकाचं गाव ठाऊक होतं, गावातली विहीर ठाऊक होती. भट्टीवर कोणी भाजलं की फादर त्याच्या खाटेशी. कोणी मेलं की मुडदा गावी पोचवायला गाडीत पुढच्या बाकावर फादर. दारू पिऊन बायकोला मारणारा असला तर फादर त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत. उपदेश करत नसत, नुसते बसत. तो माणूस आधी चिडे, मग लाजे, मग म्हणे फादर जेवून घ्या. फादर म्हणत, भूक नाही. दुपार कलायची. शेवटी तो बायकोपुढे हात जोडी, तेव्हा कुठे फादरना भूक लागे. आणि इकडे शेवंताबाईने वेळेवर वाढलेलं ताट झाकलेलं, गोळी घ्यायची राहिलेली.

लोक म्हणत, संत माणूस आहे. शेवंताबाई म्हणे, “संताचा स्वयंपाक करून पाहा, मंग सांगा.”

ती स्वतः चर्चची नव्हती. वर्ध्याकडची बौद्ध घरातली बाई. नवरा बाबाराव इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. त्यालाही साखर. आधी अंगठ्याला फोड आला, त्याने हसून सोडून दिलं. मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि मग बाबारावच गेला. त्या दुखण्याचा वास कसा असतो, पहिल्या दिवशी कसा आणि शेवटी कसा, हे तिच्या नाकाला कायमचं कळून बसलं होतं. मुलगा यशदीप कमावता होता, घरात खायला होतं, सून रीना हिंदीत कुरकुरायची, “मम्मी, आप वहाँ रोटी बनाने क्यों जाती हो? लोग क्या सोचेंगे?” विहारातल्या बायाही चिडवत, “का वं शेवंता, क्रिस्ताव झाली का?” ती म्हणे, “मी पोळ्या करते तिथं, प्रार्थना नाही करत.” खरं कारण ती कोणाला सांगत नसे. चर्चमध्ये काम मागायला नव्हे, सहज एका ओळखीच्या बाईबरोबर गेली असताना तिने फादरना पायऱ्या चढताना पाहिलं होतं आणि त्यांचा उजवा पाय टेकण्याची ढब ओळखली होती. दुसऱ्या दिवसापासून ती तिथे स्वयंपाकाला लागली. एक पाय तिच्या हातून गेला होता. हा तिला जाऊ द्यायचा नव्हता.

पण पाय त्यांचा आणि जिद्द तिची, हे गणित कसं जुळणार? शंकर नगरातून तिने साखरवाल्यांची मऊ चप्पल करून आणली. आठवडा गेला नाही तोच ती चप्पल एका भट्टीवाल्याच्या भाजलेल्या पायात दिसली. “त्याले जास्त गरज होती, दीदी.” मग करंगळीशेजारी जखम झाली. शंकर नगरच्या डॉक्टर देवश्री यांनी पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि फादरना नाही, शेवंताबाईला सांगितलं, “ही कोरडी राहिली तर भरेल. ओली होत राहिली तर आधी बोट जाईल, मग मी काही सांगू शकत नाही.”

आणि तोंडावर ईस्टर.

ईस्टरनंतर फादरने घरोघर जाऊन आशीर्वाद द्यायचा असतो. घरात टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस. फादर प्रार्थना म्हणतात, खोल्यांतून मंतरलेलं पाणी शिंपडतात. ते ठीक. पण सरईपाऱ्यात, जिथे सगळी उरांव घरं, तिथे फादर उंबऱ्यापाशी आले की घरची बाई पितळी लोटा घेऊन येणार, त्यांना पाटावर बसवणार आणि दोन्ही पाय धुणार. सरई म्हणजे सालाचं झाड, पारा म्हणजे वस्ती. त्या पाऱ्यात एकही सालाचं झाड नव्हतं, पण डोंगरातून येताना लोकांनी नाव बरोबर आणलं होतं, आणि लोटाही बरोबर आणला होता. घरामागून घर, लोट्यामागून लोटा.

“आजारी आहे म्हणून सांगून द्या लोकायले,” शेवंताबाई म्हणाली.

“नाही.” या वेळी फादर हसले नाहीत. “मागं मले ताप होता तेव्हा सगळ्यायले कळलं. एक बाई मरून राहिली होती, तिच्या घरच्यांनी मले बोलावलंच नाही. फादरले त्रास कशाले, म्हणाले. फादरनं मरणाऱ्याच्या कपाळाले लावाचं शेवटचं तेल तिले मिळालंच नाही. जखमेचं कोणाले सांगाचं नाही, दीदी. मले वचन द्या.”

तिने चरफडत वचन दिलं. आणि दोन दिवस विचार करून त्यातून वाट काढली.

भाजी आणायच्या निमित्ताने ती सरईपाऱ्यात जसिंताबुढीकडे गेली. जसिंता लकडा ही पाऱ्यातली सगळ्यात वयस्क बाई; तिने म्हटलं की पारा ऐकतो. ती दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती.

“दीदी, आशीर्वादाले फादर येतील तेव्हा या साली त्यांचे पाय नका धुऊ. सगळ्यायले सांगून द्या.”

जसिंताचं सूप थांबलं. “काहे?”

“बस, असंच. त्यांना नको आहे.”

जसिंताने सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेल्यासारखं झालं. मग ती एवढंच म्हणाली, “हव.”

शेवंताबाई त्या दिवशी रिक्षात मोठ्या ऐटीत बसून परत आली. वचनही मोडलं नाही आणि पायही वाचला. इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही याचाच तिला राग आला.

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या पाऱ्यात पाहुण्याने पायावर पाणी घ्यायला नकार दिला तर त्याचा एकच अर्थ होता : हा माणूस या घरावर रागावला आहे आणि नातं तोडायला आला आहे.

आशीर्वादाच्या दिवशी ऊन सकाळपासूनच तापलं होतं. फादर पुढे, मंतरलेल्या पाण्याची बादली घेऊन शेवंताबाई मागे. पाऱ्याच्या तोंडाशीच फादर थबकले. दर वर्षी इथे मांदराचा ढोल वाजे, पोट्टे ओरडत पुढे पळत. आज सगळा पारा झाडून लख्ख केलेला आणि चिडीचूप. पहिल्या घरात टेबल मांडलेलं, मेणबत्ती पेटलेली, माणसं हात जोडून खाली माना घालून उभी. लोटा नाही. फादरनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं, थोडा वेळ उगाच रेंगाळले, निघाले. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घराच्या दारात दोन भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते. मधल्या भिंतीवरून भांडून ते कधीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. पुढच्या घरातला मायकल, जो रविवारी मिस्सेच्या वेळी भट्टीजवळच्या दारूच्या दुकानात असे, तो न्हाऊन, भांग पाडून, शर्टाची वरची गुंडी लावून उभा होता. त्याच्या अंगणात ओतलेल्या दारूचा वास अजून जमिनीतून येत होता.

“का झालं यांना?” फादर कुजबुजले.

“चांगलंच झालं ना,” शेवंताबाई म्हणाली. पण बोलता बोलता तिने बादली या हातातून त्या हातात घेतली.

जसिंताच्या घरी सगळा पारा मागोमाग येऊन अंगणात गोळा झाला. प्रार्थना संपली. म्हातारी पुढे आली, तिने पदर दोन्ही हातांत धरला.

“फादर, हमसे का गलती हो गई? बता दो. मारना है तो मार लो. लेकिन ऐसे मत जाओ.”

“गलती? कौन सी गलती?”

“आपने पानी मना किया.”

फादरनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पाटाकडे, आणि मग सावकाश मान वळवून शेवंताबाईकडे. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिने भांडून घेतलं असतं.

“माह्याकडं का पाहून राहिले?” ती एकदम ओरडली. बादलीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. “पाय सडून राहिला त्यांचा! साखरेनं! डॉक्टरीणबाईनं सांगतलं, पाणी लागलं तर कापा लागन. ते सांगत नाही, मले सांगू देत नाही, तुमी लोटे घेऊन पळता! मंग मी का करू? माह्या नवऱ्याचा पाय असाच गेला, हसत हसत!”

मग मायकलने मोठा उसासा टाकला.

“मतलब मैंने बोतल फालतू में फेंक दी?”

“और मैं इससे फालतू में बोला?” दोघा भावांतला थोरला म्हणाला, पण धाकट्याच्या खांद्यावरचा हात त्याने काढला नाही. कोणीतरी हसलं, आणि मग सगळा पारा हसत, डोळे पुसत, एकमेकांवर ओरडत सुटला.

फादर मात्र खाटेवर बसले होते. “आता हे लोक मले बोलावणार नाही, दीदी,” ते तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले. “तुमी चांगलं केलं का वाईट, मले नाही समजत.”

इतक्यात जसिंता आत जाऊन लोटा घेऊन आली होती. “फादर के पैर को तो हम हाथ नहीं लगाएँगे,” ती म्हणाली. “लेकिन पानी तो देना पडेगा, नहीं तो घर सूखा रह जाएगा. बुढे आदमी के बदले उसके घर का आदमी पानी ले लेता है. फादर के घर का कौन है?”

फादरला कुठलं घर! बाप नाही, बायको नाही, लेकरू नाही. पण पाऱ्याने विचार करायला वेळ लावला नाही. सगळ्यांची तोंडं बादली धरून उभ्या असलेल्या बाईकडे वळली.

“मी?” शेवंताबाई मागे सरकली. “मी नाही बाप्पा! मी त्यांची कोण? आन् आमच्यात कोणी कोणाच्या पायाले हात लावत नाही, माणूस माणसापुढं वाकत नाही. बुढी बाई माह्या पायाशी बसन? शोभते का?”

“नाही म्हणा ना, दीदी,” फादर खाटेवरून म्हणाले. “तोंडानं. नाही. बस. झालं.”

तिने तोंड उघडलं. समोर जसिंता गुडघे टेकून बसलीच होती, लोटा दोन्ही हातांत धरून, आणि अशी वर पाहत होती, जणू तिच्या घराचं सगळं बरंवाईट आता या बाईच्या टाचांवर येऊन ठेपलं आहे. शेवंताबाईचं तोंड तसंच मिटलं. ती धपकन पाटावर बसली. टाचांच्या भेगांची तिला लाज वाटली, भेगांत काल सारवलेल्या ओट्याची माती होती. म्हातारीने ती माती अंगठ्याने हळूच काढली. पाणी गार होतं. शेवंताबाई फादरकडे पाठ करून बसली, म्हणजे तिचं तोंड त्यांना दिसू नये.

मग मागे पडलेली सगळी घरं पुन्हा करावी लागली, कारण तीही सुकी राहिली होती. दुपारपर्यंत तिची साडी पोटरीपर्यंत चिंब झाली होती आणि फादरची पट्टी ठणठणीत कोरडी.

तरी करंगळी गेली. आधीच्या महिन्यांतलं पाणी तिला नडलं होतं. “पाय वाचला,” डॉक्टर देवश्री म्हणाल्या, “हेच पुष्कळ समजा.” शेवंताबाईला ते पुष्कळ समजता येईना. मोज्याच्या वेळीच तोंड उघडलं असतं तर बोटही राहिलं असतं, असं ती डबा उघडताना म्हणे, गोळ्या देताना म्हणे, चादर झटकताना म्हणे. फादर ऐकून घेत.

आणि फादरचंही खरं ठरलं. ते दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं की सरईपाऱ्यातला एक म्हातारा त्या आठवड्यात वारला आणि कोणी निरोपच धाडला नव्हता. फादरला त्रास कशाला! त्या दिवशी फादर जेवले नाहीत. तिने ताट वाढलं, उचललं, पुन्हा वाढलं. पाय वाचवायचा तर माणूस खचून बसतो, आणि माणूस उठवायचा तर पाय जातो. तिच्या हाताला दोन्हीकडून काहीच लागत नव्हतं. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी तिने गॅस बंद केला नाही.

“इंद्रजीत केरकेट्टाचं घर राहिलं,” फादर अचानक म्हणाले. “प्लांटच्या भिंतीपलीकडं. नवीनच आले आहेत गावाकडून. त्या दिवशी तो ड्यूटीवर होता. त्याची बायको, ती पोरगी, म्हणत असन, आमच्यावरच फादर नाराज आहे.”

“म्हणू द्या.”

“हव,” फादर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

शेवंताबाई ओटा पुसत राहिली. पुसलेला ओटा तिने परत पुसला. मग फडकं आपटलं, पायात चपला घातल्या आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली. सिलतऱ्यापर्यंत ती रिक्षावाल्याला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने एकटीच बोलत होती. या वयात दुपारच्या उन्हात कोणी कोणाच्या घरी जाते का? कोणाचं घर, कोणाचा देव, कोणाचा पाय! प्लांटची भिंत आली. धूळ उन्हात चकाकत खाली उतरत होती.

इंद्रजीतची बायको कोवळी पोरगी होती, पोटुशी होती. तिने दार उघडून शेवंताबाईच्या मागे, रस्त्यावर पाहिलं. “फादर नहीं आए?”

“बिछान्यावर आहेत. मी आली.”

“आप कौन?”

शेवंताबाईने पदर नीट केला. “मी त्यांच्या घरची,” ती म्हणाली, आणि कोणी म्हणायच्या आत उंबऱ्याजवळच्या पाटावर बसून चपला काढून पाय पुढे केले. पोरगी गोंधळली, मग समजली, आणि आत धावली. काठोकाठ भरलेला लोटा घेऊन आली आणि पाटापुढे बसू लागली.

“हळू बस, पोटाले सांभाळ. आन् कमी घाल पाणी, साडी भिजते माही,” शेवंताबाई खेकसली. “आन् ऐक. बाळंतपण असो, दुखणं असो, काही झालं का फोन मले कराचा. मी आणते त्यायले. रिक्षात बसवून आणते, पायी नाही येऊ देत. पण बोलावाचं. नाही बोलावलं तर मी येऊन भांडन. समजलं?”

“हव,” पोरगी म्हणाली, आणि अख्खा लोटा तिच्या पायांवर रिता केला.